थोरलीचा मूळ रंग

प्रिय ताई,

तुझ्या दोन धाकट्या भावांपैकी जो थोरला, त्याचा तुला नमस्कार, आणि भावोजींनाही. तू बरी असशील असं धरून चालतो, कारण नसतीस तर आतापर्यंत कळवलंच असतंस. भावोजींच्या दाढेचं काय झालं? काढली की ठेवली? (अस्सल वस्तू शक्यतो काढू नये, असं माझं मत आहे. पत्राच्या मध्यापर्यंत तरी ते तसंच राहील, पुढची खात्री देत नाही.) इकडे आई ठणठणीत आहे. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितल्यापासून ती चहात साखर घालत नाही. चहा पिऊन झाला की नुसती खाते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येमध्ये "बरं, मग?" म्हणतेस आणि मी घाईघाईने मुद्द्यावर येतो. हे प्रकरण मुद्द्यावर येऊन सांगण्यासारखं नाही. शिवाय फोनवर धाकटा शेजारी बसून माझं प्रत्येक वाक्य दुरुस्त करतो. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करून पोट भरलेल्या माणसाला हे सोसत नाही.

तर विषय बाबांच्या ट्रकचा. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो (छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासल्यामुळे वाचकाला काहीही ठाऊक असतं यावरचा माझा विश्वास उडाला आहे). तो गोल नाकाचा, बैलासारख्या खांद्यांचा ट्रक बाबांनी जवळजवळ पन्नास वर्षं चालवला. वखारीतून लाकडं भरायची, करवतीच्या कारखान्यात उतरवायची, आणि येताना अंगाखांद्यावर भुसा घेऊन घरी यायचं. आई त्याला 'थोरली' म्हणते, कारण बाबांच्या आयुष्यात तो तिच्या सहा वर्षं आधी आला. लग्नानंतर ती आपल्या घरी आली तीही त्याच ट्रकमधून. "सवतीच्या मांडीवर बसून सासरी आलेली मी एकटीच," असं ती अजून सांगते. वय झाल्यावर बाबांनी धंदा सोडला, पण दर रविवारी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन थोरली दहा मिनिटं सुरू करायचे, तिचं ऐकायचे आणि बंद करायचे. गेल्या वर्षी ते गेले. जाताना एक चिठ्ठी लिहून ठेवली होती: "गाडी विकू नये. तिच्यावरून भांडू नये." आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं की गाडी विकायची नाही. एकमत तिथेच संपलं.

धाकट्याचा व्यवसाय तुला माहीत आहे. फ्रिज आणि एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू उगाचच गरम आहे असं वाटतं. त्याने कागदावर थोरलीचं चित्र काढून आणलं. त्यात नवं इंजिन होतं, बोटाने फिरेल असं स्टिअरिंग होतं, केबिनमध्ये एसी, मागच्या हौद्यात दोन पलंग, एक बेसिन, एक फ्रिज (हा अर्थातच), आणि खालून निळे दिवे. त्यात बसून बायकोबरोबर देश पाहायचा त्याचा बेत होता. (त्याच्या बायकोने चित्र पाहिलं आणि विचारलं, "आणि ट्रक कुठाय?") मी त्याला शांतपणे सांगितलं की मूळ प्रतीत जे नाही ते छापात येता कामा नये. थोरली ज्या रूपात जन्मली त्याच रूपात राहील. तो म्हणाला, "दादा, ती गाडी आहे, ग्रंथ नाही." मी म्हणालो, ज्याला ग्रंथ कळत नाही त्याला गाडी काय कळणार. मग आम्ही बोलणं बंद केलं. म्हणजे भांडलो नाही. चिठ्ठीचा मान राखला.

बोलणं बंद केल्यावर कामाला वेग आला. सकाळी तो दुकानात गेला की मी शेडमध्ये जायचो, आणि संध्याकाळी मी वाचनालयात गेलो की तो. आमच्यामधला दुवा म्हणजे मेकॅनिक. त्यांना सगळे 'बघू' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी ते "बघू" म्हणतात. मी त्यांना म्हणालो, जुना कार्ब्युरेटर आहे तसाच ठेवा. ते म्हणाले, "बघू." धाकटा म्हणाला, कार्ब्युरेटर फेकून द्या. ते म्हणाले, "बघू." चार महिने त्यांनी दोघांचंही समाधान केलं आणि कार्ब्युरेटरला हात लावला नाही.

मी मात्र थोरलीला हात लावला. जुन्या पोथ्यांमध्ये नंतर कोणीतरी घुसडलेला मजकूर असतो, त्याला प्रक्षिप्त म्हणतात. थोरलीत अशी बरीच भर पडली होती. आरसा बांधायची तार, छताला ठोकलेली खुंटी, केबिनमध्ये समोरच्या फळीखाली मधोमध दोन बोल्टांवर बसवलेलं ताटाएवढं लोखंडी कडं (पाण्याचा कॅन अडकवायला असेल, असं मी धरलं). एका सकाळी लोखंड कापायची करवत घेऊन मी हे सगळं कापून काढलं आणि दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला देऊन टाकलं. हात झटकले. इतकं प्रसन्न मला निवृत्तीनंतर वाटलं नव्हतं. तीनच दिवसांनी पाहतो तर सीटमागची फळी गायब. ती फळी तुला आठवत असेल. सुट्टीत मी बाबांबरोबर फेरीला जायचो तेव्हा माझी पुस्तकं तिच्यावर असायची. एसीच्या मशीनला जागा हवी म्हणून धाकट्याने ती काढली होती. मला फार लागलं. पण बोलणं बंद असल्यामुळे बोललो नाही.

मग मी रंगाकडे वळलो. मूळ रंग शोधायचा म्हणून डाव्या दारावरून एकेक थर खरवडायला सुरुवात केली. सोमवारी निळा गेला. मंगळवारी खाली करडा निघाला, त्याच्याखाली हिरवा. बुधवारी तपकिरी. (ताई, आपण लहान असताना थोरली हिरवी होती की निळी, यावरून आई आणि मी भांडलोही. ते भांडण गाडीवरून नव्हे, रंगावरून होतं, म्हणून चिठ्ठीत बसत नाही.) गुरुवारी दुपारी हाताला फोड आले तेव्हा एक सुरेख तांबूस रंग लागला, आणि त्याच्याखाली थेट पत्रा. मी घरात जाऊन आईला जाहीर केलं की थोरली मूळची तांबूस आहे. मग बघूंना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दारावर नख फिरवलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. "हा रंग नाही. गंज लागू नये म्हणून आधी लावतात तो लेप आहे. मूळ रंग तुम्ही बहुतेक कालच खरवडून टाकलात."

दार अजून तसंच आहे, टक्कल पडल्यासारखं.

यानंतर मला घाई झाली. शहरात जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ आहे. त्यांचे परीक्षक येऊन तपासतात आणि गाडी अस्सल आहे असं प्रमाणपत्र देतात. ते एकदा भिंतीवर लागलं की धाकट्याची काय बिशाद. मी गुपचूप पत्र पाठवून त्यांना शनिवारी सकाळी दहाला बोलावलं. धाकट्यानेही गुपचूप गाड्यांना नवं रूप देणाऱ्या एका कारखान्याच्या बाईंना बोलावलं होतं. शनिवारी सकाळी दहाला. (वेगवेगळ्या वेळा ठरवायलासुद्धा आधी बोलावं लागतं.) परीक्षक बारीक अंगाचे, हातात बॅटरी आणि काठीला लावलेला छोटा आरसा. बाई उंच, गळ्यात मोजपट्टी. दोघं शेडच्या दारात एकमेकांना "आपण पुढे व्हा" करत राहिले. शेवटी आईनेच दोघांना आत घातलं.

परीक्षक थोरलीखाली शिरले आणि तासभर तिथेच राहिले. मधूनमधून "अरे वा" असा आवाज यायचा. दर 'अरे वा'ला मी धाकट्याकडे पाहायचो. बाहेर आल्यावर त्यांनी वही उघडली. "गिअरबॉक्स बसचा आहे," ते म्हणाले. "मागचा ॲक्सल दुसऱ्याच कंपनीचा. रेडिएटर कसल्यातरी जनरेटरचा असावा. बॉनेट पाण्याच्या टाकीच्या पत्र्यातून घरी ठोकलेलं आहे. समोरची फळी कपाटाच्या दाराची आहे, हे बघा, इथे कडी होती." मी क्षीण आवाजात विचारलं की मूळचं काय आहे. त्यांनी पान उलटलं. "चासीवर कोरलेला नंबर," ते म्हणाले. "आणि उजव्या पुढच्या चाकाचा एक नट. पण नटाबद्दल मी खात्री देणार नाही."

ताई, माझा चेहरा पाहून धाकट्याला खरं तर हसू यायला हवं होतं. पण त्याच वेळी बाई हौद्याखालून बाहेर आल्या आणि म्हणाल्या की त्या हे काम घेऊ शकत नाहीत. चासीला इतक्यांदा इतक्या ठिकाणी भोकं पाडली आहेत की आणखी एक पाडलं तर तिची किसणी होईल. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं केलं कोणी? इंजिन चार बोटं मागे सरकवलंय आणि तोल सांभाळलाय. माझ्याकडचा एकही माणूस हे करू शकणार नाही." आई म्हणाली, "ह्यांनी. अंगणात. मी बॅटरी धरायचे."

एवढ्यात परीक्षकांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून दाखवलं, तेही मूळचं नव्हतं. आईने ते हातात घेतलं, उलटं केलं, कडेचा पोचा अंगठ्याने चाचपला. ते तिच्या स्टीलच्या डब्याचं झाकण होतं. या झाकणापायी ती शेजारच्या काकूंशी एकोणीस वर्षं बोललेली नाही. फडक्याने पुसून ती तशीच शेजारी गेली. काकूंनी दार उघडलं. आई म्हणाली, "सापडलं." काकू म्हणाल्या, "बरं झालं." मग दोघी तिथेच दारात उभ्या राहून एकोणीस वर्षांचं बोलल्या, आणि आम्ही चौघं चहाची वाट पाहत राहिलो.

चहा झाल्यावर परीक्षकांनी जायला हवं होतं, पण ते उठेनात. शेवटी वही घेऊन ते आईसह परत थोरलीपाशी गेले आणि तिला एकेक विचारायला लागले. आई सांगत गेली. बसचा गिअरबॉक्स घाटातून लाकडं आणायला लागल्यावर बसवला. सीट पुढे आणि खाली घेतली ती बाबांचा गुडघा मोडला त्या वर्षी. डाव्या दाराखाली जी जादा पायरी आहे ना, ती तुझ्यासाठी. तू चार वर्षांची होतीस, तुला वर उचललं की रडायचीस, म्हणून बाबांनी वीतभर उंचीवर लोखंडाचा तुकडा जोडून दिला. (मी तिला करवत लावणारच होतो. शुक्रवारचा बेत होता. फोडांमुळे राहिलं.)

"आणि हे काय होतं?" परीक्षकांनी समोरच्या फळीखाली, मधोमध, ताज्या कापलेल्या दोन बोल्टांवर बोट ठेवलं.

धाकटा केबिनच्या खिडकीतून बाहेर पाहायला लागला. बाहेर शेडचा पत्रा होता, पाहण्यासारखं काही नव्हतं.

"तिथे ह्याचं स्टिअरिंग होतं," आई धाकट्याकडे बोट दाखवून मला म्हणाली. "तू शाळेला जायचास, हा घरी राहायचा नाही. मग हे ह्याला मध्ये बसवून न्यायचे. शेगडीचं कडं बसवून दिलं होतं. ह्यांनी चाक वळवलं की हाही वळवायचा. दिवसभर. घरी आला की म्हणायचा, आज मी दोन फेऱ्या मारल्या."

पाहुणे कधी गेले ते मला नीट आठवत नाही. मी धाकट्याला विचारलं (पाच महिन्यांनी पहिलं वाक्य), "तू बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "तू बघूंना सांगत होतास, ते प्रक्षिप्त आहे. मला वाटलं, असेल." मी विचारलं, "आणि माझी फळी?" तो मला त्याच्या दुकानात घेऊन गेला. फळी भिंतीला लावलेली होती, पॉलिश केलेली, आणि तिच्यावर काही ठेवलेलं नव्हतं. मला त्या क्षणी त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्याने पंखा लावला आणि म्हणाला, "बस, घाम आलाय तुला."

मग आम्ही दोघं भंगारवाल्याकडे गेलो. अडीच तास आम्ही त्याचे ढीग उपसले. (साठी ओलांडलेल्या माणसाने लोखंडाच्या ढिगावर चढू नये, आणि चढलंच तर उतरायचं कसं ते आधी ठरवावं.) कडं मिळेना. शेवटी हात धुवायला म्हणून त्याच्या घरात गेलो, तर त्याच्या बायकोने उकळत्या पातेल्याखाली तेच ठेवलेलं. ती बाई काही केल्या सोडेना. इतकं मापात बसणारं कडं तिला जन्मात मिळालं नव्हतं म्हणे. बदल्यात काय हवं, म्हणून विचारलं. भंगारवाल्याचा टेम्पो आठवडाभर बंद पडला होता आणि ओतकामाच्या कारखान्यात माल पोचवायचा होता. "तुमच्याकडे ट्रक आहे ना," तो म्हणाला.

आमच्याकडे ट्रक होता. तो वर्षभर सुरू झाला नव्हता. रविवारी सकाळी बघू आले. मी म्हणालो, बाबा सुरुवातीला हँडल मारायचे, आपणही तसंच करू. मारलं. हँडल उलटं फिरलं, माझा अंगठा अजून वांग्याएवढा आहे (हे अक्षर त्यामुळे, वयामुळे नव्हे). मग धाकट्याने त्याची नवी बॅटरी जोडली. थोरली खोकली, शिंकली, शेडभर काळा धूर केला, आणि एकदम सुरू झाली. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आले वाटतं." थोड्या वेळाने ती बाहेर आली, चपला घातल्या आणि सरळ केबिनमध्ये जाऊन बसली. कुठे जायचंय हेही विचारलं नाही.

भंगार पोचवलं. वाटेत रेडिएटर दोनदा तापला. कडं मी मांडीवर धरून बसलो होतो. परत आल्यावर बघूंनी ते जुन्याच बोल्टांवर वेल्डिंग करून दिलं. धाकटा आता चोपन्न वर्षांचा आणि पोटाने मोठा. तो कसाबसा मध्ये बसला, एकदा डावीकडे फिरवलं, एकदा उजवीकडे, आणि म्हणाला, "जरा घट्ट झालंय." मग बाहेर येऊन फार वेळ हात धूत राहिला.

तेव्हापासून आमचं असं ठरलंय की काहीच ठरवायचं नाही. आई म्हणते, ह्यांनी गाडी कधी नटवली नाही आणि कधी जपून ठेवली नाही; जे अडलं ते सोडवलं. एसी रद्द झाला आहे, छोटा पंखा बसवला. फळी परत आली आहे. निळे दिवे धाकट्याने मागितले नाहीत, पण त्याच्याच्याने राहवेना म्हणून मी एक लावू दिला, आत, नकाशा वाचायला. मंडळाच्या परीक्षकांचं पत्र आलं. प्रमाणपत्र देता येत नाही, पण पुन्हा एकदा पाहायला येऊ का, म्हणून विचारलंय.

भावोजींना दाढ काढायची असेल तर काढू दे. तू प्रकृतीला जप. मोठ्यांना नमस्कार, लहानांना प्रेम, आणि मधल्यांनी मधल्यांसारखं राहावं.

तुझा,
मधला

ता. क. गाडी नावावर करायला वाहन खात्याच्या कचेरीत गेलो होतो. तिथल्या कारकुनाने वारस तीन असल्याचं आमच्या लक्षात आणून दिलं. सोबत फॉर्म आहे. त्यात तू हक्क सोडतेस असं एक वाक्य छापलेलं होतं, ते आईने स्वतःच्या पेनाने खोडलं आहे. (खाडाखोड चालत नाही असं मी म्हणालो. ती म्हणाली, ही दुरुस्ती आहे, तुलाच कळायला हवं.) तू मालकांच्या रकान्यात सही कर. पहिली ओळ तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. खरं तर हे पत्र त्या सहीसाठीच आहे.

दुसरा ता. क. पत्र टपालात टाकायला निघालो, तर धाकटा म्हणाला की सही घ्यायची आहेच तर जाऊनच घेऊ. तेव्हा हे पत्र तुला माझ्याच हातून मिळेल. वाचून होईपर्यंत आम्ही काही बोलणार नाही. दार उघडलंस तेव्हा तुझी गल्ली पूर्ण भरलेली दिसली असेल, ती थोरली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा राहते, हे धाकट्याने तुझ्या घराच्या फोटोवरून मोजलं होतं.

तिसरा ता. क. हे वाटेत, थोरली थंड होईपर्यंत लिहितो आहे. बसच्या त्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स लागत नाही, हे आत्ता कळलं. बघूंना फोन केला तर ते म्हणाले, कधीच लागत नव्हता. आई म्हणते, "ह्यांच्याबरोबर कुठेही गेलं की परत यायचं ते दुसऱ्याच रस्त्याने. मला पन्नास वर्षं वाटत होतं, माझ्यासाठी करतात." तुझी गल्ली पुढे तुझ्या अंगणात संपते, आणि अंगणाच्या मागच्या भिंतीपलीकडे मोठा रस्ता आहे. तेव्हा पुढे जाण्यावाचून इलाज दिसत नाही. भिंत तुझी आहे, विचार करून सांग. काही घाई नाही, फक्त आईने निघताना पहार बरोबर घेतली आहे.